मटणाऐवजी वनस्पतीजन्य मांस: एकाच घरातल्या तिघांना ते सारखेच मानवेल का?

मेधा_फ्रीमॉन्ट

नमस्कार.

आम्ही गेली १६ वर्षे कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्ट येथे राहतो. मूळचे कोल्हापूरचे असल्यामुळे रविवारी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा कोंबडी किंवा खिमा हा घरातला वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे. मुलगी आता १९ वर्षांची आहे. कॉलेजात गेल्यापासून तिने मांसाहार पूर्ण सोडला असून, सुट्टीत घरी येताना ती वाटाण्याच्या आणि सोयाच्या प्रथिनांपासून केलेल्या पॅटी व खिमा घेऊन येते. साऱ्या घरानेच हा बदल करावा, असा तिचा मनापासून आग्रह आहे.

तिच्या विचारांबद्दल मला आदर आहे. माझा प्रश्न केवळ शरीरापुरता आहे. घरात तीन निरनिराळ्या प्रकृतींची माणसे आहेत. यजमानांचे वय ५२ आहे, नुकत्याच झालेल्या तपासणीत त्यांचे एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल १५६ आले आणि डॉक्टरांनी तीन महिने आहार सांभाळून पुन्हा तपासायला सांगितले आहे. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, वजन जेमतेम ४५ किलो, गेल्या दोन वर्षांत त्यांच्या हातापायांवरचे मांस उतरले आहे आणि त्यांना थायरॉईडची गोळी कायमची चालू आहे. तिसरी व्यक्ती म्हणजे मुलगी, जिचे हिमोग्लोबिन शाळेत असल्यापासून काठावरच असते.

गेल्या आठवड्यात मी पॅटीचे पाकीट आणि दुकानातल्या मेंढीच्या खिम्याचे पाकीट ओट्यावर शेजारी शेजारी ठेवून वाचले. ११३ ग्रॅमला प्रथिने दोन्हीकडे साधारण तितकीच, म्हणजे १९-२० ग्रॅम. मात्र पॅटीत सोडियम ३९० मिलिग्रॅम आणि खिम्यात सत्तरच्या आसपास. शिवाय पॅटी भाजल्यावर तव्यात जे तेल सुटले होते, ते तासाभराने पाहिले तर कडेने पांढरे, मेणासारखे गोठलेले होते. ते पाहून मनात शंका आली की, ज्या कारणासाठी यजमानांना मटण कमी करायला सांगितले, तेच या पॅटीत दुसऱ्या रूपाने आहे की काय? पाकिटावर प्रथिनांचा आकडा सारखा असला, तरी शरीर दोन्ही पदार्थांना सारखाच प्रतिसाद देते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


स्वाती_आहारतज्ज्ञ

मेधाताई, तव्यावरची तुमची शंका अगदी योग्य जागी आहे. हिवाळ्यात आपल्याकडे खोबरेल तेलाची बाटली गोठते. तव्यावर दिसले तेही तेच. मांसातल्या चरबीसारखा रसदारपणा यावा म्हणून बऱ्याच पॅटींमध्ये खोबरेल तेल आणि काहींत कोकोचे लोणी घालतात, आणि या दोन्हींत संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) भरपूर असतो. एका प्रसिद्ध पॅटीत ११३ ग्रॅममागे ६ ते ८ ग्रॅम संपृक्त मेद असतो, तर दुसऱ्या एका उत्पादकाने २०२४ मध्ये खोबरेल तेलाऐवजी ॲव्होकाडोचे तेल वापरून तो सुमारे २ ग्रॅमवर आणला. म्हणजे ‘वनस्पतीजन्य मांस’ या एका नावाखाली यकृताच्या दृष्टीने अगदी वेगवेगळे पदार्थ विकले जातात. संपृक्त मेद वाढला की रक्तातले एलडीएल ओढून घेण्याचे यकृताचे काम मंदावते आणि ते रक्तात साचते. तो मेद बोकडातून आला की नारळातून, याने त्या कामात फारसा फरक पडत नाही.

तुमच्या घराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहायला हवी, आणि ती सहसा कोणी विचारात घेत नाही. तुम्ही पॅटीची तुलना मेंढीच्या खिम्याशी केली आहे. त्या खिम्यात १०० ग्रॅमला १० ग्रॅमच्या आसपास संपृक्त मेद असतो, त्यामुळे त्याच्या जागी कोणतीही पॅटी आली तरी यजमानांचा फायदाच आहे. परंतु रविवारचे मटण जर बोकडाचे असेल, तर चरबी काढलेल्या त्या मटणात १०० ग्रॅमला संपृक्त मेद १ ग्रॅमपेक्षाही कमी असतो. त्याच्या जागी खोबरेल तेलाची पॅटी आली, तर संपृक्त मेद घटण्याऐवजी वाढेल. पांढऱ्या रश्श्यातल्या नारळाच्या दुधाचा आणि फोडणीच्या तुपाचा हिशेब तर वेगळाच करावा लागेल. म्हणून ‘हे चांगले की ते’ हा प्रश्न मी माझ्याकडे येणाऱ्यांना नेहमी असा बदलून विचारायला लावते: नक्की कोणत्या पदार्थाच्या जागी कोणता पदार्थ येणार आहे?

या विषयावरचा सर्वांत जास्त उल्लेखला जाणारा प्रयोग तुमच्या जवळच, स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने केला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ३६ निरोगी माणसांनी आठ आठवडे रोज किमान दोन वेळा मांस खाल्ले आणि आठ आठवडे तितक्याच वेळा वनस्पतीजन्य मांस. कोणाचा क्रम आधी हा, तर कोणाचा आधी तो. बाकीचा आहार शक्यतो तसाच ठेवला होता. वनस्पतीजन्य मांसाच्या टप्प्यात सरासरी एलडीएल १२१ ऐवजी ११० आले आणि वजन सुमारे एक किलोने कमी भरले. मिठाची जी भीती तुम्हाला वाटते, तिच्याबद्दलही त्यातून उत्तर मिळते: दोन्ही टप्प्यांत रक्तदाबात फरक पडला नाही, कारण कच्च्या मांसात मीठ नसले तरी ते शिजवताना आपण घालतोच. तुमच्या खिम्यात पातेल्यात पडणारे मीठ मोजा; एका सपाट चहाच्या चमच्यात सुमारे २,३०० मिलिग्रॅम सोडियम असते. मात्र पॅटीचा चुरा करून रस्सा करणार असाल, तर वरून मीठ घालताना हात आखडता ठेवा.

आणखी एक प्रयोग कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडला झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात ११३ माणसांना क्रमाने लाल मांस, पांढरे मांस आणि वनस्पतीजन्य प्रथिने असा आहार दिला, आणि संपृक्त मेद सारखा ठेवला तरीही लाल व पांढऱ्या अशा दोन्ही मांसांवर एलडीएल वनस्पतीजन्य प्रथिनांपेक्षा जास्त आले. तेव्हा मटण सोडून फक्त कोंबडीवर आल्याने यजमानांचा आकडा खाली येईल, असे धरून चालू नका. त्या प्रयोगातली प्रथिने डाळी, कडधान्ये, सुकामेवा अशी साधी होती, कारखान्यात घडवलेली नव्हती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. यजमानांसाठी माझा सल्ला असा की, आठवड्यातले दोन खिम्याचे दिवस मुलीच्या पॅटीला किंवा साध्या सोयाच्या वड्यांना द्यावेत आणि दोन दिवस मटकी, चवळी, मसूर यांना. सोयाच्या वड्या तेल काढलेल्या सोयाच्या पिठाच्या असतात, त्यांत १०० ग्रॅम कोरड्या वजनाला ५० ग्रॅमच्या वर प्रथिने असतात आणि मेद नावापुरता.


निषाद_जीवरसायन

स्वातीताईंचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे, पण स्टॅनफर्डच्या प्रयोगावर इतका भार टाकू नये असे वाटते. त्या प्रयोगाला ‘बियाँड मीट’ या कंपनीने देणगी दिली होती आणि उत्पादनेही तिचीच होती. संशोधकांनी हे लपवले नाही आणि आकडेमोड त्रयस्थांकडून करून घेतली, हे त्यांच्या बाजूचे. तरीही सिंगापूरचा २०२४ मधला प्रयोग त्याच्या शेजारी ठेवूनच वाचावा. मधुमेहाची शक्यता अधिक असलेल्या ८९ चिनी वंशाच्या सिंगापूरकरांना आठ आठवडे एक तर मांस, नाही तर त्याचे वनस्पतीजन्य पर्याय दिले. एलडीएलमध्ये दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही, आणि दंडाला लावलेल्या संवेदकावर दिवसभर मोजलेली रक्तशर्करा मांस खाणाऱ्या गटात उलट अधिक काळ मर्यादेत राहिली. मांसात कर्बोदके जवळपास नसतात. पर्यायांत पीठ, स्टार्च, बांधणीचे घटक यांतून ती येतात. ज्या मराठी घरांत मधुमेह वंशपरंपरेने आहे, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी: पॅटी भातावर किंवा पावात घेतली, तर कर्बोदकांवर कर्बोदके चढतात.

पाकिटावरचा आकडा सारखा म्हणजे पदार्थ सारखा का, या तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर ड्यूक विद्यापीठातल्या स्टीफन व्हॅन व्ह्लीट यांच्या गटाने २०२१ मध्ये दिले. त्यांनी गवतावर वाढलेल्या गाईच्या मांसाचे १८ आणि एका वनस्पतीजन्य पर्यायाचे १८ नमुने घेऊन त्यांतले लहान रेणू मोजले. पोषणाचे तक्ते जवळपास सारखे असूनही १९० पैकी १७१ रेणूंच्या प्रमाणात फरक सापडला. क्रिएटिन, ॲन्सेरिन आणि डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल फक्त मांसात होते. वनस्पतींचे फिनॉल आणि फायटोस्टेरॉल पर्यायात अधिक होते. वर्तमानपत्रांत याचा ‘बनावट मांस निकस’ असा मथळा होऊ शकतो, पण तो चुकीचा ठरेल. क्रिएटिन आपले शरीर स्वतः बनवते. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो, इतकेच. उलट फायटोस्टेरॉल आतड्यात कोलेस्टेरॉलचे शोषण रोखतात, म्हणजे यजमानांच्या कामाचे आहेत. एकाच्या जागी दुसरे ठेवल्यावर काही मिळते आणि काही सुटते; सुटलेले बाकीच्या ताटातून येते की नाही, हे पाहायचे.

टीएमएओ या पदार्थाबद्दल तुमची मुलगी बहुधा बोलेल, कारण स्टॅनफर्डच्या प्रयोगातला तो मुख्य मुद्दा होता. मांसातले कार्निटिन आणि कोलिन आतड्यातले जिवाणू फोडतात, त्यातून निघालेल्या वायूचे यकृतात टीएमएओ होते, आणि रक्तात ते अधिक असणाऱ्यांत हृदयविकार अधिक आढळतो. प्रयोगात ते वनस्पतीजन्य टप्प्यात कमी होते. पण ज्यांनी आधी वनस्पतीजन्य मांस खाल्ले, त्यांच्यात नंतर मांस सुरू केल्यावरही ते वाढले नाही, म्हणजे आधी काय खाल्ले याची आठवण आतड्यातले जिवाणू काही आठवडे ठेवतात असे दिसते. शिवाय समुद्री मासे खाल्ल्यावरही टीएमएओ चांगलेच वाढते, आणि तरी मासे हृदयाला अपायकारक आहेत असे कोणी म्हणत नाही. त्यामुळे या एका आकड्यावर मी घरचा स्वयंपाक बदलणार नाही.

दुसऱ्या बाजूच्या भीतीबद्दलही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. अतिप्रक्रिया केलेले वनस्पतीजन्य अन्न हृदयाला घातक, अशी बातमी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीवरून पसरली आणि सोबत छायाचित्रे बर्गरची छापली गेली. त्या पाहणीतल्या लोकांच्या आहारात मांसपर्यायांचा वाटा केवळ ०.२ टक्के होता. बाकी सारे पाव, केक, बिस्किटे, गोड पेये यांचे होते. अशा बातमीने माणसे पॅटी सोडून पुन्हा सॉसेज आणि सलामीकडे वळली, तर मला खरोखर वाईट वाटेल, कारण प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्येच मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे सिद्ध कारण म्हणून वर्गीकृत केले आहे.


सुजाता_सोलापूर

मेधाताई, मुलीबद्दल मला आवर्जून लिहावेसे वाटले, कारण तिच्या वयात मी त्याच वाटेने गेले. बावीसाव्या वर्षी मांसाहार सोडला, प्रथिनांसाठी सोयाच्या वड्या मनापासून खाल्ल्या, आणि दीड वर्षाने जिना चढताना दम लागू लागला. तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, ७ निघाले. वड्यांच्या पाकिटावर लोहाचा आकडा तर भरघोस होता. ते लोह माझ्या अंगी का लागले नाही, हे समजून घ्यायला मला बराच काळ लागला, म्हणून सविस्तर लिहिते.

मांसातले बरेचसे लोह हीम नावाच्या रेणूत गुंडाळलेले असते आणि आतड्याच्या पेशी तो रेणू आहे तसा आत घेतात. वनस्पतीतले लोह मोकळे असते, आणि डाळी, सोया, धान्ये यांतले फायटेट नावाचे द्रव्य त्याला धरून ठेवते. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठाने २०२२ मध्ये तिथल्या बाजारातले ४४ मांसपर्याय तपासले, तेव्हा बहुतेकांत लोह असूनही फायटेटमुळे ते शरीराला मिळण्याजोगे नव्हते. जस्ताचीही तीच गत होती. कारण प्रथिने वेगळी काढताना फायटेटही त्यांच्याबरोबर साठत जाते. आंबवलेल्या सोयाच्या टेंपेत मात्र फायटेट कमी आढळले. आपल्या आज्या मटकीला मोड आणत आणि इडली-आंबोळीचे पीठ रात्रभर आंबवत, त्या दोन्ही कृतींनी फायटेट फुटते. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतला हीम असलेला रेणू यीस्टकडून बनवून घालणारी एक पॅटी अमेरिकेत मिळते. तिचा लाल रंग त्याचाच आहे, आणि तिच्यात बी-१२ ही वरून घातलेले असते. मुलगी पॅटी खाणारच असेल, तर तिने ती निवडावी, फक्त त्यातला खोबरेल मेद ध्यानात ठेवून.

माझ्या बाबतीत दोन गोष्टींनी खरा फरक पडला. जेवणाबरोबर अर्धे लिंबू किंवा पेरू, आणि जेवणानंतरचा चहा बंद. चहा मी आता दीड तासाने घेते. डॉक्टरांनी गोळ्याही दिल्या होत्या, आणि फेरिटिन पन्नाशीपर्यंत यायला सात महिने लागले. अमेरिकेत या वयाच्या स्त्रीला रोज १८ मिलिग्रॅम लोह सांगतात, पुरुषाला फक्त ८. म्हणजे बापाला जे ताट पुरते ते लेकीला पुरेलच असे नाही.

बी-१२ बद्दल हयगय नको. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गर्भवतींचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत बी-१२ कमी होते, फोलेट मात्र पुरेसे होते. भाजी-भाकरी-डाळ खाणाऱ्या आपल्या बायकांची ही जुनी उणीव आहे. मुलगी दूध-दही घेत नसेल, तर पाकिटावर बी-१२ लिहिले आहे की नाही यावर विसंबू नये. सरळ गोळी सुरू करावी. आणि सहा महिन्यांनी नुसते हिमोग्लोबिन न तपासता फेरिटिन तपासावे, कारण साठा आधी रिकामा होतो आणि हिमोग्लोबिन त्यानंतर उतरते.


मेधा_फ्रीमॉन्ट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारचे मटण बोकडाचेच असते, हलाल दुकानातून आणतो. खिमा मात्र मेंढीचा. या फरकाचा विचार मी कधीच केला नव्हता. मुलगी दूध घेत नाही आणि जेवण झाले की लगेच चहा टाकते, तेव्हा सुजाताताईंचे लिखाण आज तिला वाचायला दिले. आता काळजी सासूबाईंची आहे. घरात एकच भाजी शिजावी म्हणून त्याही पॅटीचाच खिमा खाऊ लागल्या आहेत.


अनिरुद्ध_फिजिओथेरपी

मी वृद्धांच्या स्नायूंवर काम करतो, म्हणून केवळ सासूबाईंविषयी लिहितो. त्यांच्या बाबतीत माझे मत बाकीच्यांपेक्षा वेगळे आहे: त्यांचा मांसाहार आत्ता कमी करू नका.

उतारवयात स्नायू प्रथिनांच्या हाकेला उशिरा ओ देतात. तरुणाच्या स्नायूंत बांधणी सुरू व्हायला जेवढी प्रथिने पुरतात, तेवढी वृद्धाला पुरत नाहीत, आणि त्यांत ल्युसिन हे अमिनो आम्ल एका वेळच्या जेवणात अडीच-तीन ग्रॅम असावे लागते. नेदरलँड्समध्ये ६५ ते ८५ वयाच्या १६ निरोगी माणसांना एकदा १०० ग्रॅम गोमांसाचे जेवण आणि एकदा डाळी, सोयाबीन, क्विनोआ यांचे तितक्याच, म्हणजे ३६ ग्रॅम प्रथिनांचे जेवण देऊन पाहिले, तेव्हा मांसाच्या जेवणानंतर स्नायूंची बांधणी स्पष्टपणे अधिक झाली. याउलट निरोगी तरुणांना ४० ग्रॅम प्रथिने एकदा कोंबडीतून आणि एकदा लायसिन हे अमिनो आम्ल मिसळलेल्या वनस्पतीजन्य पर्यायातून दिली, तेव्हा फरक आढळला नाही. म्हणजे मुलीच्या स्नायूंची चिंता नको. पण तिच्या आजीला तोच निष्कर्ष लावू नये. प्रथिनांचा स्रोतही पाहावा: सोयाची गुणवत्ता मांसाच्या जवळपास असते, गव्हाच्या ग्लुटेनची त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास, आणि काही पर्याय मुख्यतः ग्लुटेनचे असतात.

४५ किलो वजनाला त्यांना रोज ४५ ते ५५ ग्रॅम प्रथिने हवीत आणि ती तीन जेवणांत वाटलेली हवीत. आपल्याकडे सकाळी चहा-खारी, दुपारी आमटी-भात आणि रात्री दूध-भाकरी अशी पद्धत असते, त्यात एकही जेवण पुरेसे भरत नाही. सकाळी दोन अंडी, दुपारी बोकडाचा मऊ शिजवलेला खिमा किंवा मासा, रात्री घट्ट दही आणि मुगाचे धिरडे, असे केले तर आकडा गाठता येतो. दातांमुळे चावणे जड जात असेल, तर पॅटीचा मऊ चुरा आठवड्यातून एक-दोन वेळा जरूर द्या. न खाण्यापेक्षा तो कितीतरी चांगला. सोबत रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, दोन वेळा. व्यायामाशिवाय नुसत्या प्रथिनांनी गेलेले मांस परत येत नाही.

थायरॉईडच्या गोळीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण सांगणे आवश्यक आहे. सोया त्या गोळीचे आतड्यातले शोषण कमी करते. गोळी पहाटे रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि सोयाचा कोणताही पदार्थ, तसेच लोह व कॅल्शियमच्या गोळ्या, त्यानंतर किमान चार तासांनी द्याव्यात. सोयाचा खिमा त्यांच्या ताटात आता नियमित येऊ लागला असल्यामुळे सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) पुन्हा तपासून घ्या आणि डॉक्टरांना आहारातला हा बदल आवर्जून सांगा.